बिबट कुठे राहतो

११ डिसें.
वरूडलाच. माझ्या विनोदने यंदा संत्र्याच्या बगीच्याची तोड ठेक्याने घेतली आहे. मेळघाटातून आलेल्या मजुरांची पोरं दिवसभर गाड्यांच्या मागेपुढे. विनोद म्हणतो, "बाबा, तुमी रिकामेच बसून राहिले, त्याईले मराठी शिकवा." पोरं कोरकू बोलतात, मी सातवी शिकलेला. तरी अमरावतीहून जंगली प्राण्यांचा तक्ता आणवला, पॅकिंगच्या शेडमध्ये टांगला.

१३ डिसें.
प्राण्यांची चित्रं कापून दिली. जो जिथे राहतो तिथे तक्त्यावर ठेवायचा. मगर नदीत, अस्वल गुहेत, बिबट जंगलात. जमतं त्यांना. फक्त सुमली, सात-आठ वर्षांची असेल, बिबट घेऊन शेडबाहेर गेली आणि संत्र्याच्या झाडाखाली ठेवून आली.
"चूक. जंगलात."
ती चित्र उचलायला गेली नाही.

१४ डिसें.
पुन्हा तेच. तिला उभं करून म्हणवून घेतलं, बिबट जंगलात राहतो. ओठातल्या ओठात म्हणाली. बाकीची पोरं हसली नाहीत. हसायला हवी होती ना?

१६ डिसें.
रखवालीचा कुत्रा दिसत नाही. बगीच्यातली वानरंही गेली. विनोद : "गेला असन कुत्रीमागं. तुमाले तं सगळ्याचंच भेव." बी.पी.ची गोळी घेतली की नाही, आठवत नाही.

१७ डिसें.
मधल्या सुटीत सुमली झाडांच्या ओळींमध्ये आत गेली. मागे गेलो. भर दुपार, पण फांद्या मालाने जमिनीला टेकलेल्या, खाली काळोखच. ती उकिडवी बसून खाली कोणाशी तरी बोलत होती. मराठीत. माझंच वाक्य. "जंगलात राहतो. जंगलात." समजूत घातल्यासारखं.
फांदी हलली. वारा नव्हता.
हात धरून आणलं. मी काही पाहिलं नाही. पाहिलं नाही, असंच लिहितो.
विनोद म्हणे, मजुरांपुढे बोलू नका, पळून जातीन, माल झाडावरच राहीन. पण पोरीच्या आईला सांगितलंच. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच बोलले ना, इथं नाही राहत? म्हणून त्याला सांगायला गेली ती."


१८ डिसें.
तक्ता उतरवला. पोरांना म्हटलं, माझं चुकलं. बिबट बगीच्यातही राहतो. एकट्याने आत जायचं नाही. म्हणा. सगळ्यांनी एका सुरात, मोठ्याने म्हटलं. सुमलीने शेजारच्या पोराच्या तोंडावर हात दाबला. तिची आई टोपली घेऊन बाहेर उभी.
"त्याच्या घरात बसून त्याचं नाव नाही घ्यायचं, बाबाजी."
मग ध्यानात आलं, तोडणीचा आवाज थांबला आहे. ओळींमधून कोणीच बोलेना. विनोदला फोन लावला, तो टेम्पो घेऊन बडनेऱ्याला गेलेला. मायलेकींना, सगळ्या पोरांना आत ओढलं. सगळी माझ्याभोवती दाटून बसली आहेत, तसंच लिहितो आहे. दार लावून घ्यावं म्हटलं, तर या शेडला दारच नाही.