साध्या पाण्याची बाटली

अप्पा, आज रविवार, तरी मी प्रयोगशाळेत येऊन बसलेय. उंदरांना कुठली आलीय सुट्टी! अख्ख्या इमारतीत मी, फाटकावरचा वॉचमन आणि हे पांढरे उंदीर. मघाशी एक फोन केला तेवढाच, बाकी सकाळपासून कुणाशी एक शब्द बोललेली नाही. लई एकटं वाटतंय, म्हणून तुम्हांला लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, ते ठाऊक आहे.

तुमची लेक काय करते, तर उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक रसायन घालते. काही महिन्यांत त्यांच्या मूत्राशयात कॅन्सर धरतो, तुम्हांला झाला होता तिथंच. मग अर्ध्यांना औषध द्यायचं आणि फरक पडतो का बघायचा. नुसती बाटली धरायला मला दोन-दोन हातमोजे, वर मास्क! आणि तुम्ही अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, सुताच्या रंगखात्यात कोपरापर्यंत हात बुडवायचात. रंग सुताला धरायला घातलेलं मीठ पुरेसं पडलंय का बघायला रंगाचं पाणी चक्क जिभेवर घ्यायचात. आई ओरडली की हसायचात, "वीस वरसं चाकतोय, काय झालं का मला?" डबा खाताना चपातीवर तुमची निळी बोटं उठायची. मला त्याची गंमत वाटायची.

एकदा मी डबा घेऊन आले, तर सुताचा अख्खा लॉट तुमच्या हातून बिघडलेला. सोबतचे म्हणत होते, खालच्या गठ्ठ्यात दडपा, कुणाला कळतंय! तुम्ही त्यातली सुताची ओली लड खांद्यावर टाकून सरळ मालकाकडं निघालात. मी रडायला लागले, तर माझ्यावरच खेकसलात, "रडतीस काय? माजी चूक हाय, मीच दावनार की!"

आता माझी ऐका. औषधाच्या गटात एक उंदीर होता. मी आले की मागच्या पायांवर उभा राहून जाळी धरायचा. मला नाही राहवलं हो. पहिल्या आठवड्यापासून त्याच्या बाटलीत मी रसायनाऐवजी गुपचूप साधं पाणी भरत गेले. परवा त्या गटातल्या सगळ्यांना मारून तपासलं. वाचला तोही नाहीच, पण त्याचं एकट्याचं मूत्राशय स्वच्छ निघालं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना वाटलं, औषध लागू पडलं. त्यांनी पेढे मागवले, आणि मी मेलीनं तो पेढा खाल्लाही.

मघाशी फोन करून मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी पिंजऱ्याचा नंबर विचारून घेतला. मग म्हणाल्या, "उद्या लेखी दे." नोकरी राहील की नाही, माहीत नाही. ओली लड खांद्यावर किती जड होत असेल, ते आज कळलं.

पण अप्पा, एक राहिलंच. हॉस्पिटलात तुम्ही विचारलं होतंत, "पोरी, रंगानं झालं का गं ह्ये?" रंगानं होतो, हे तेव्हा मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी म्हणाले, "छे, काहीतरीच!" तुम्हांला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुमचे रंगखात्यातले एक जोडीदार काका भेटायला आले, तर तुम्ही त्यांना कौतुकानं सांगितलंत, "लेक शिकल्याली हाय माजी. म्हनती, रंगाचं काय न्हाय."

ते काका अजून त्याच खात्यात जातात. गेल्या आठवड्यात भाजीबाजारात भेटले, बोटं निळीच होती. मी "बरे आहात ना?" एवढंच विचारलं आणि पुढं गेले.