दगडी कासव मैदान सोडण्यापूर्वी करून ठेवलेली व्यवस्था

मी, सौ. रंभा मानसिंग तळेकर, वय पासष्ट, मूळ राहणार केम, तालुका करमाळा, हल्ली मुक्काम सोलापूर, धंदा पूर्वी वकिलाच्या कचेरीत टायपिंग व हल्ली फोनवर पत्ते, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. नुसते ठिकाणावर नाही, आज ते भलत्याच खुशीत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की काही पाजलेले नाही. यजमान शेजारच्या खोलीत घोरत असल्याने त्यांचाही दबाव नाही. जन्मभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली आणि दर वेळी वाटायचे, काय ही रडकी भाषा! माणूस मरणार एकदाच, तर जरा हसून लिहायला काय हरकत आहे? म्हणून माझे मी हाताने लिहीत आहे.

आजार म्हणाल तर काही नाही. गुडघे कुरकुरतात, पण ते या वयात सगळ्यांचेच कुरकुरतात. मात्र येत्या मंगळवारी दुपारी बारा वाजता माझे दगडी कासव जाणार आहे, आणि त्याच्यामागे आणखी कोण कोण जाईल याचा नेम नाही. सबब ही व्यवस्था.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खुलासा. 'मायारण' हा फोनवरचा पत्त्यांचा खेळ आहे. त्यात राजा-राणी-गुलाम नाहीत, शेकडो चित्रविचित्र पाने आहेत. आपण त्यातली तीस निवडून आपला डाव बांधायचा आणि समोरच्याचा गड पाडायचा. दरवर्षी कंपनी नवा संच आणते आणि सगळ्यांत जुना संच चालू मैदानातून काढते. याला रोटेशन म्हणतात. काढलेली पाने मरत नाहीत, 'जुने मैदान' म्हणून एक जागा आहे तिथे जातात, पण तिकडे कुत्रेही फिरकत नाही. यंदा 'कातळपर्व' संचाची पाळी आहे, आणि माझे कासव त्याच संचातले.

हे कासव मैदानात बसले की समोरच्याने कितीही आपटू दे, गडाला ओरखडा जात नाही. वर त्याच्या पाठीवर जेवढा मार पडेल तेवढी माझी पुढची पाने स्वस्त होतात. लग्न करून या घरात आले तेव्हापासून माझे धोरण हेच आहे, त्यामुळे आमचे पहिल्या दिवशीच जमले.

नोटीस आली तेव्हा मी भाजी निवडत होते. वाचली आणि हंबरडा फोडला. यजमानांनी दारातून पाहिले आणि मला एका शब्दाने न विचारता शेजारच्या चेतनावहिनींना सांगून आले, "हिच्या म्हायेरी कायतरी झालंया." अर्ध्या तासात पिठले, भाकरी, ठेचा, सगळे हजर. दुःखाच्या घरी चूल पेटवू नये ना! चेतनावहिनी माझा हात हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कोण होतं हो?" मी म्हटले, "कासव." त्या पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या, ते भाकरी संपेपर्यंत हसत होत्या. पिठले झकास होते. चेतनावहिनींना माझ्या पश्चात माझा मोठा खलबत्ता द्यावा. त्यांच्या ठेच्याला तोच शोभेल.

आमच्या सोलापूरच्या मायारण खेळणाऱ्यांच्या मंडळात तर धुमाकूळच झाला. गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्त करणारा संगप्पा, मूळचा वळसंगचा, अर्धीच नोटीस वाचून बसला. या खेळात नको असलेले पान फोडून त्याची भुकटी करता येते आणि त्या भुकटीतून नवे पान घडवता येते. संगप्पाने रागाच्या भरात कातळपर्वाची सगळी पाने फोडली. धाडधाड! दुसऱ्या दिवशी कंपनीने जाहीर केले की कातळपर्वातले काळे घुबड कायमच्या संचात राहणार. संगप्पाकडे त्या घुबडाचे दुर्मिळ सोनेरी पान होते, आख्ख्या मंडळात एकच. तो दुकानाचे शटर अर्धे ओढून खाली बसला. "अय्यो काकू, मीच माझ्या हातानं मारलो की त्याला!" मी समजूत घालायला गेले होते, पण हसू आवरेना. शेवटी तोही हसायला लागला आणि दोघांनी चहा मागवला. सबब,

कलम पहिले. संगप्पा यास माझी फिरती खुर्ची द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी खाली बसावे लागणार नाही. अट एवढीच की कोणतीही नोटीस शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याने बोट चालवू नये.

कलम दुसरे. राहते घर यजमानांच्या नावावर असल्याने ते मी देऊ शकत नाही, घेऊही शकले नाही. यजमानांना मी टीव्हीचा रिमोट देते. तो तसाही त्यांच्याच उशाखाली असतो, पण आता कायद्याने त्यांचा झाला. शिवाय माझ्या भावाने लग्नात घड्याळ दिले नाही हे वाक्य त्यांनी माझ्या तेराव्याला म्हणू नये. म्हटल्यास रिमोट संस्कृतीकडे जाईल.

कलम तिसरे. शिलाई मशीन, टाइपरायटर आणि शिवलेल्या तुकड्यांची गोधडी माझी नात संस्कृती हिला. पोरगी नववीत आहे आणि तिचे डोके दोन माणसांचे आहे. तिनेच माझ्या फोनवर मायारण उतरवून दिला. "आजी, तू लोकांशी भांडत बसतेस, इथं भांड की." किती सोयीचे बोलली! मी माझे नाव 'कडकभाकरी' ठेवले. तिसऱ्याच दिवशी तिने मला 'हायवेराणी' नावाच्या कोणाशी जोडून दिले आणि स्वतः अभ्यासाला पळाली. तिला अभ्यासाला पळताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आता इथे जरा नीट लिहायला हवे.

ही हायवेराणी पहिला मोठा पत्ता हातात आला की तो टाकल्याशिवाय राहायची नाही. पुढे काय होईल याचा विचार नाही, टाकला की टाकला. जिंकली की हसरा चेहरा पाठवायची, एक नाही, सलग, फोन गरम होईस्तोवर. हरली की "घाई करा" हे बटण दाबत बसायची, खेळ संपला तरी. चौथ्या डावाला मी ओळखले. अशी माणसे एकाच घराण्यात निपजतात, आणि त्या घराण्यात माझे लग्न झालेले आहे. मोडनिंबला हायवेलगत खताबियाणांचे दुकान चालवणाऱ्या आमच्या वन्सं, राजाबाई!

वन्सं आणि मी बोलत नाही. संस्कृतीच्या बारशाला त्यांनी भर पंगतीत आचाऱ्याला विचारले, "आमटीत डाळ हाय का नुसतंच पाणी?" मी म्हणाले, "तुमच्या मोडनिंबच्या दुधापरास दाट हाय की." वन्सं हात धुऊन उठल्या. तेव्हापासून आमच्यात शब्द नाही. लग्ना-मर्तिकाला समोरासमोर आलो की दोघी भिंतीवरची कॅलेंडरे वाचतो. आमटी दाटच होती, या म्हणण्यावर मी आजही ठाम आहे.

पण रोज दुपारी तीन वाजता, त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसते आणि आमच्याकडे हे झोपतात तेव्हा, हायवेराणी आणि कडकभाकरी भेटतात. खेळात लिहून बोलता येत नाही, तयार बटणे असतात. "नमस्कार." "शाब्बास." "अरेरे." "घाई करा." एवढ्याच शब्दांत आम्ही इतकी वर्षे काढली. मला ताप आला तेव्हा मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी उघडले तर पहिल्याच क्षणी "नमस्कार" आला, आणि लगेच पुन्हा "नमस्कार", आणि पुन्हा. मी पदर तोंडात कोंबून हसले आणि डोळेही पुसले. त्या दिवशी कासव हातात असून मी टाकले नाही. त्या जिंकल्या. मग काय, हसऱ्या चेहऱ्यांचा पूर!

मंडळाच्या ग्रुपवर आम्ही दोघी आहोत, पण तिथेही एकमेकींच्या बोलण्याला उत्तर देत नाही. नोटीस आल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिले ते जसेच्या तसे देते: "कासव गेलं की मी बी गेले. त्या कासवाला कसं फोडायचं एवढंच मला शिकायचं व्हतं. नवी पानं शिकायचं हे वय न्हाय. मंगळवारी बाराला बंद." मी ते दोनदा वाचले. कासवाचे एवढे दुःख नाही हो. कासव गेले तर दुसरे काही बसवता येईल. तीन वाजता "नमस्कार" कोण म्हणणार?

मी उत्तर लिहायला बसले. "वन्सं" एवढे लिहून खोडले. समोरचा माणूस पंगतीतून उठला असेल तर बोलवायला आधी कोणी जायचे, हा प्रश्न आमच्या घरात अजून कोणाला सुटलेला नाही. मग म्हटले, जिवंतपणी बोलायची सोय नाही तर मेल्यावरची वापरू. मृत्युपत्रात माणूस काहीही बोलू शकतो, कोणी मधे तोंड घालत नाही.

कलम चौथे, आणि हेच खरे. माझा फोन, त्यातील मायारणाचे खाते, कासवासकट सर्व पाने, आणि सासूबाईंनी मला दिलेल्या सोन्याच्या पाटल्या, ज्या आपल्याला मिळायला हव्या होत्या असे वन्संना वाटते, हे सर्व मी माझ्या नणंद राजाबाई यांना देते. खाते दुसऱ्याला देता येते का असे मी कंपनीला विचारले होते. 'फोन बंद करून पुन्हा चालू करून पाहा' असे उत्तर आले. तेव्हा परवानगी आहे असे मी धरून चालते. अट एकच. मंगळवारनंतर त्यांनी खेळ बंद करायचा नाही. नवा संच उतरवायचा, नवी पाने शिकायची, हरायचे, "घाई करा" दाबायचे. मी असेपर्यंत माझ्याशी आणि नंतर संस्कृतीशी. बंद केल्यास पाटल्या देवळात जातील आणि मी भूत होऊन त्यांच्या युरियाच्या पोत्यांवर बसेन.

वन्सं, तुम्ही मला हव्या आहात. भांडायला दुसरे कोणी तुमच्याइतके चांगले मिळाले नाही. हे तुमच्या तोंडावर म्हणायचे धाडस नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत लिहिले.

कलम पाचवे, साक्षीदारांविषयी. सही करताना दोन साक्षीदार समोर पाहिजेत. आमच्या वकीलसाहेबांचा नियम होता की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याची साक्ष घ्यायची नाही, आणि घेतलीच तर त्याच्या नावचे कलम काढून टाकायचे. इथेही तोच नियम चालेल. म्हणून संगप्पा किंवा चेतनावहिनी चालणार नाहीत. पहिले साक्षीदार कोपऱ्यावरचे औषधवाले निंगप्पा. दुसरे म्हणून त्यांचा भाऊ येतो म्हणाला आहे.

वरील मजकूर शनिवारी लिहून पूर्ण केला. तो चेतनावहिनींना दाखवायला म्हणून फोटो काढले आणि उत्साहाच्या भरात मंडळाच्या ग्रुपवर पाठवले. संगप्पाला मी काय उपदेश केला होता ते वर आहेच. पुसेपर्यंत सगळ्यांनी वाचले होते. वन्संच्या नावापुढेही दोन निळ्या खुणा. उत्तर काही नाही. रविवारी तीन वाजता हायवेराणी आली नाही. सोमवारीही नाही. सोमवारी मी जेवले नाही, आणि यजमानांनी या खेपेला विचारले, "रंभा, झालं काय?" मी सांगितले. ते म्हणाले, "मग फोन कर की येडे." तेवढे मात्र झाले नाही.

पुरवणी, मंगळवार सकाळ. निंगप्पा दहाला आले. त्यांच्या भावाची वाट पाहत होतो तोच दारात वन्सं. हातात पिशवी, कपाळाला घाम, मोडनिंबहून एसटीने उभ्या उभ्या आलेल्या. मी भिंतीकडे पाहिले, पण तिथले कॅलेंडर यजमानांनी रंगासाठी उतरवले होते. वन्संनी खुर्ची ओढली. "कुटंय ते कागद?" पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, ओठ हलवत. युरियाच्या पोत्यांवर हसल्या. मग निंगप्पांच्या खिशातले पेन काढून मला म्हणाल्या, "कर सही, मी बघते." मी केली. तशी त्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

मी ओरडले, "अहो वन्सं, असं काय करता! साक्षीदाराला काही मिळत नाही. पाटल्या गेल्या की तुमच्या!"

"वाचलंय म्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या मरणाची वाट बघत पाटल्यासाठी खेळू व्हय? आनी अट घालून मला कुनी खेळवत न्हाय."

सबब कलम चौथे रद्द समजावे. पाटल्या संस्कृतीला. चहा टाकायला आत गेले तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होते. बाहेर येऊन पाहते तो आपल्या सहीखाली वन्संनी परवानगी न घेता मजकूर वाढवलेला. तो खोडू नये, माझ्या मिळकतीत तेवढाच मौल्यवान आहे.

लिहून ठेवणार: रंभा मानसिंग तळेकर (सही)

ठिकाण: सोलापूर. मंगळवार, दि. १८ मार्च २०२५, सकाळी. आमच्या दोघांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार १: निंगप्पा (सही)

साक्षीदार २: राजाबाई (सही)
नव्या संचाची पाने कंपनीने आधीच दाखवलीत, ती शिकण्यातच रविवार-सोमवार गेले. फोन घेऊन बस समोर, बारा वाजायला आले.