आईचं काळं मंजन

६ फेब्रु.
सातवा लागला म्हणून कालच सुकापूरला माहेरी आले. सकाळी ब्रश केला तर बेसिन लाल! आई म्हणे, "पोट वाढला की हिरड्या फुगतातच. पोरामागं एक दात जातो. माजे नाय गेले?" गेले खरे. पण पोरं आम्ही दोघंच, मी आणि दादा. आणि दात गेलेत पाच. मग बाकीचे कशाने गेले?

८ फेब्रु.
आईने डबीतलं काळं मंजन दिलं. बोटाने हिरडीवर चोळायचं, थुंकायचं. "बदामाची टरफलं जाळून केलाय, घरचा." चरचरलं, मग मस्त बधिर वाटलं. जरा गरगरलं पण. बदामाने कधी गरगरतं का?

११ फेब्रु.
स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आई सोबत. "गरोदरपणात हिरड्या सुजतात, पण इतक्या नाही. शुगर?" नॉर्मल. "घरात कोणाचे दात लवकर पडले? तंबाखू? त्याने हिरडी सुटत जाते, आणि तो बाळापर्यंतही पोचतो." मी तोंड उघडायच्या आत आई, "छे छे! आमच्यात कोण नाय खात." एवढी घाई कशाला? चोराच्या मनात चांदणं. लहानपणी आईला मिश्री लावताना पाहिलंय मी. रिक्षात विचारलं, तर म्हणे कधीच सोडली. मंजन चालूच आहे, दिवसातून तीनदा. त्याशिवाय चैन पडत नाही.

१३ फेब्रु.
दुपारी पडले होते. उग्र वास, ठसका. उठून बघते तर तव्यावर तंबाखू काळा होतोय. बदाम म्हणे बदाम! जाम भांडले. डॉक्टरांशी खोटं का बोललीस?
"खोटा काय? तंबाखू खातात ती. ही मिश्री, दाताला लावायची. तुज्या वेळंला पण लावली, तू नाय झालीस धडधाकट?"
धडधाकट कुठली! जन्मले तेव्हा काचेच्या पेटीत होते, आत्याने सांगितलंय. तोंडावर आलं होतं, गिळलं. मग आईच रडायला लागली. "तुजा दुखणा बघवला नाय गं." राग जात नाही आणि कीवही येते. डबी मोरीत ओतली.

१५ फेब्रु.
डोकं जड. हिरडी ठणकतेय. नवऱ्याचा फोन आला, त्याच्यावरही खेकसले. आई मात्र शांत. नक्की चोरून लावत असणार. तिच्या उशीखाली बघितलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. काही नाही. कुठे ठेवते ही बाई?

१६ फेब्रु.
आई चिरनेरला साखरपुड्याला गेली. मी शेजारी हिराकाकीकडे. म्हटलं, आईने थोडी मिश्री मागितलीय. काकीने कागदात पुडी बांधून दिली आणि माझ्याकडे बघत राहिली.
"आयसचा नाव कशाला घेतेस गो? तिनं परवाच सोडली. बोलली, पोरीसमोर आता लावायची नाय."
पुडी घेऊन घरी आले. दार लावून घेतलं. पुडी समोर आहे. बाळ लाथा मारतंय. आई संध्याकाळपर्यंत काही येत नाही.