मालिश मैदानावरच

आबा, आज रविवार, संध्याकाळचे सहा वाजले आहेत आणि मी लिंबायतच्या खोलीत कोपऱ्यात कागद घेऊन बसलो आहे. ताई भाकरी थापते आहे. तिचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. आता कबड्डी खेळतो. सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

मीही असाच तुमच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. आमचे सर खेळ संपला की एकेका पोराला मैदानामागच्या खोलीत मालिशला बोलवायचे. (‘मालिश’मधला ‘लि’ ऱ्हस्व, खात्री करून लिहिला.) ज्याला बोलावलं तो संघात पक्का, असं आम्ही मानायचो. माझी पाळी आली त्या दिवशी तुम्ही लूमवरून थेट आलात, केसांत सुताचे तंतू, खिशात तेलाची बाटली. सरांना म्हणालात, “मालिश आठेच करा, मैदानमा, समदासना समोर. मना पोऱ्या खोलीमा येवाव नही.” सर हसले. “काका, मला मुलासारखा आहे तो.” “मंग आठेच करा ना.” आणि मला मातीत बसवून तुम्ही स्वतःच माझ्या पोटऱ्या चोळायला लागलात. पोरं ओरडली, “अबे, तेरा पप्पा चंपी भी करेगा क्या?” तुम्हाला काय माहीत होतं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझ्याऐवजी माझा मित्र खोलीत गेला. पुढं तो खेळ सोडून गावाला निघून गेला. शहरात प्लेग आला तेव्हाच्या पळापळीत आम्हीही गावाला गेलो, तेव्हा त्या दारामागं त्याच्याशी काय व्हायचं ते त्यानं मला सांगितलं. कोणाला बोलू नको म्हणाला. मी बोललो नाही.

तेच सर अजून शिकवतात. ते आमच्या शेठचे मेहुणे. मी नववी नापास, तरी त्यांच्याच शब्दावर मला शेठनं कारखान्यात हिशोब लिहायला, मेहताजी म्हणून ठेवलं, आणि ही खोलीही शेठचीच. भाच्यानं मला न विचारता त्यांच्याकडे नाव दिलं. मग मी रोज मैदानाच्या कडेला उभा राहायला लागलो. तेवढ्यानं भागेल असं वाटलं. आज नवसारीला सामन्यांसाठी मुक्कामी जायचं होतं. टेम्पोपाशी सर म्हणाले, “तुझा भाचा माझ्या खोलीत झोपेल. पाय नीट चोळून देतो.” पोरांना सोडायला आलेले आईबाप तिथंच उभे होते. तुमचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, “सर, त्याला ताप आहे.”

“मामा, मला कुठंय ताप? हात लावून बघा, सर!”

सरांनी त्याच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलं. “असू दे. मामा घाबरट आहे तुझा.” मग त्याच्याहून लहान एका पोराला म्हणाले, “चल, तू ये माझ्याकडे.” त्या पोरानं आनंदानं उडीच मारली.

त्या लहान पोराचा बाप सकाळी आला नव्हता; तो बमरोलीला लूमवर आहे, रात्री आठला सुटतो. नवसारी तासाभराच्या अंतरावर. त्याला आज कळलं तर पोरं निजायच्या आत तो पोचेल. पण त्याला कोणी सांगितलं हे सरांनाही लगेच कळेल, आणि मग ताईला घेऊन मी कुठं जाऊ?

ताईनं आत्ताच विचारलं, “कोणाला लिहितोस रे?” हिशोब आहे म्हणालो. आबा, हे पत्र कुठल्याच पेटीत टाकायचं नाही, तरी मी ते पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतलं आहे. हे संपलं की मला बमरोलीला जावं लागेल, म्हणून.