चुना मारलेली टाकी

धुळे, मंगळवार, फेब्रुवारी १९९५

डोकं फिरलंय नुसतं. तीन महिने खपून कॉलेजच्या संगणकाला फोटोतल्या काळ्या रेघांवरून काँक्रीटच्या भेगा ओळखायला शिकवलं, आणि पहिल्याच खऱ्या तपासणीत त्याने नरडाण्याकडच्या त्या गावातली पाण्याची टाकी 'उत्तम' ठरवली. उत्तम! दिवाळीत मी स्वतः तिच्या भेगांत नख घालून पाहिलं होतं. खाली शाळा भरते.

संगणकाची चूक नाहीच. फोटो काढायला येतोय, असं मीच ग्रामपंचायतीला कळवलं होतं. शनिवारी गेलो तर टाकी पांढरीशुभ्र, चुना अजून ओला. गावाला पाणी सोडणारे आबा इस्त्रीची टोपी घालून उभे. मी ओरडलोच, "आबा, हे काय केलंत?"

"फोटो काढना व्हता ना, साहेब! मंग तशीच उभी करतस का टाकीले?"

आपणही फोटोआधी तोंडाला पावडर लावतोच की. पण चुना! आणि तरीही मी फोटो काढले. का? रोल भरलेला होता, एवढ्या लांब आलो होतो, म्हणून?

आज विभागप्रमुख म्हणाले, "रिपोर्ट छान आलाय, उद्या पाठवून द्या." पाठवतोय कसला! उद्या पहिल्या एस.टी.ने तारेचा ब्रश घेऊन जातो आणि आबांनाच तो चुना खरवडायला लावतो.

फक्त एका फोटोवर संगणकाने 'तातडीने दुरुस्ती' असा शेरा मारलाय. त्यात टाकीसमोर आबांचा सुरकुतलेला, हसरा चेहरा आहे.