निशाणाचा गोंडा

पनवेल
ता. १२ जानेवारी, सोमवार

हौसा हिला कमळीचा नमस्कार. गणू म्हणाला तुमच्यात आता जय भीम म्हणतात, म्हणून जय भीम पण. दोन्ही घे.

मी कमळी. बळीराम पाटलांची बायको नंतर झाले. तिसरीत तुझ्या पाटीवर बघून बेरजा करायची ती. तुझा पत्ता गणूने दिला, तुमच्याच गावचा, आपट्याचा हाय, पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसतो. मी म्हटलं, आपट्याची हौसा माहीत हाय का, तर म्हणतो, हौसाआजी ना, नदीकडच्या आळीतली, पहाटे उठून अजून अंगण झाडते. मला इतका आनंद झाला की शेंगा जास्तीच्या घेतल्या. आता पोपटी लावायची तर मडकं हाय, शेंगा हायत, पण तिसऱ्या मजल्यावर जाळ कुठं करणार? मग कुकरला उकडल्या. चव नाय आली.

आधी आनंदाची गोष्ट. मी पणजी झाले! माझा मुलगा हरेश, त्याची मुलगी अनुष्का, तिला मुलगी झाली. महिना झाला. रंग माझ्यावर गेलाय, म्हणजे काळीच. नाक कुणाचं ते अजून ठरत नाय. जावई म्हणतात आमच्याकडचं, मी म्हणते थांबा जरा, नाकं वर्षभर बदलतात. मांडीवर घेतली की माझं बोट असं धरते की सुटत नाय. मी दिवसभर तिच्याशी बोलत बसते. सून म्हणते, आई, तिला झोपू द्या. मी म्हणते, झोपायला आयुष्य पडलंय.

आपलं गाव आता नाय, तुला माहीतच असेल. विमानतळाखाली गेलं. घरांच्या बदल्यात उलव्याच्या बाजूला प्लॉट दिले, तिथं नवी वसाहत झाली. आमी पनवेलला फ्लॅट घेतला, पण गावकीची सभा असली की हरेश मला गाडीतून नेतो. आपली शाळा होती ना, तिथं आता सपाट केलंय सगळं. मी हरेशला विचारलं, विहीर कुठं असेल? तो म्हणाला, आई, विमानाच्या चाकाखाली. आमी दोघं हसलो.

मागच्या रविवारी सभा झाली. त्याचंच लिहायला बसले आणि वालाच्या शेंगा सांगत बसले.

देवीचं निशाण नव्या वसाहतीच्या चौकात कायमचं लावायचं म्हणतात. ते बघशील तर ओळखणार नायस. लाल कुठलं राहिलं, विटकरी झालंय. सूर्य अजून दिसतो, चंद्र विरला. शैलेश म्हणून एक हाय, गावकीचा अध्यक्ष, त्याने पेटीतून काढून दाखवलं. दोनशे वर्षांचं हाय म्हणे, पूर्वजांनी लढाईत जिंकून आणलेलं.

तेव्हा तुझा नातू उठला. देवेश. वकिली शिकतो ना? तुमच्या त्या खालच्या वाडीच्या लोकांनी त्याला बोलायला बोलावलं होतं. काय उभा राहतो गं, अगदी तुझ्या वडिलांसारखा. तो म्हणाला, "हे निशाण जत्रेत वाडीवरून जायचं तेव्हा आमच्या माणसांनी रस्त्याकडं पाठ करून उकिडवं बसायचं. आमची नजर पडली तर बाटेल म्हणून. तेच आता चौकात लावणार, आणि आमची पोरं रोज त्याच्याखालून शाळेत जाणार?"

शैलेश म्हणाला, "अरे, घरं गेली, शेतं गेली, मिठागरं गेली. पूर्वजांचं एक निशाण उरलंय, त्यात पण तुमाला जात दिसते?"

खोटं कशाला सांगू, माझे पण डोळे भरले तेव्हा.

देवेश म्हणाला, "आमची पण घरं गेली काका. त्याच दिवशी, त्याच बुलडोझरखाली."

मग त्याने तुझी गोष्ट सांगितली. माझी आजी अकरा वर्षांची होती, तिने निशाणाचा गोंडा हातात धरला, तर तिच्या बापाला सगळ्या गावासमोर नाक घासायला लावलं. आठ दिवसांत त्यांनी गाव सोडलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "पुरावा दाखव की वकीलसाहेब!" सगळे हसले. शैलेश म्हणाला, "पुरावा कशाला? आमच्या कमळाकाकी बसल्यात, सगळ्यांत जुन्या. काकी, असं काय झालं होतं का?"

माझ्या हातात माईक दिला. मी कधी धरला नव्हता, थंडगार होता. समोर आपली सगळी माणसं. हरेश पहिल्या रांगेत. मी म्हटलं, "असं काय माझ्या आठवणीत नाय."

हौसा, टाळ्या पडल्या. शाल घातली मला. चौकात निशाण चढलं तर ते कमळाकाकींच्याच हातून, असं ठरलं. आणि लिहायची लाज वाटते, पण मला बरं वाटलं. या वयात कोण विचारतं? घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं.

निघताना देवेश जवळ आला. मला वाटलं आता काय बोलतो. तर म्हणाला, "आजी, तुमचं नाव कमळी का?" मी मान हलवली. म्हणाला, "माझी आजी तुमची आठवण काढते. म्हणते, शाळेत एकच मैत्रीण होती." आणि माझी काठी खाली पडली होती ती उचलून दिली.

म्हणजे तू त्याला सांगितलंच नायस. साठ-पासष्ट वर्षं झाली, घरच्या पोराला पण नाय सांगितलंस.

माझं ते बोलणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि सगळीकडं पाठवलं. अनुष्काने मला दाखवलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सत्त्याहत्तर वर्षांच्या आजींनी खोटं उघडं पाडलं. खाली लोक काय काय लिहितात. मी एक एक अक्षर लावत वाचलं. एकाने लिहिलंय, "आपट्याच्या त्या म्हातारीला भ्रम झालाय." दुसऱ्याने लिहिलंय, "खोटारडी." मी अनुष्काला विचारलं, हे कुणाला? ती म्हणाली, देवेशच्या आजीला. मी मोबाईल परत दिला. ती म्हणाली, "आजी, तू अशी का बसलीस?" मग तिला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. बाळाला पाजत होती, मान वर केली नाय तिने. नंतर एवढंच म्हणाली, "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

म्हणून हे पत्र. फोनवर मी बोलले असते, पण मी फोनवर हसत सुटते, तुला माहीत नाय माझी ती खोड. दुसरंच काहीतरी बोलून ठेवून दिला असता.

मला आठवतं, हौसा. सगळं आठवतं. चैत्राची जत्रा. निशाणाच्या काठाला गोंडे होते, ते धरून आमी पोरी चालत होतो. वाडीवर आलो तर तुमी सगळी पाठ करून बसलेली. तू करंजाच्या झाडाजवळ, शेवटाला. तुझी पाठ मी ओळखली, शाळेतला निळा परकर होता. तू मला विचारायचीस ना, गोंडा मऊ असतो का गं? मला वाटलं गंमत करू. मी वाकून तुझा हात मागं ओढला आणि गोंडा मुठीत दिला. तुला कळलं पण नव्हतं हातात काय हाय ते. तू नुसती मूठ मिटलीस.

माझे काका ओरडले, "कुणी दिला?" मी म्हटलं, "हिनं ओढला."

तू वळून माझ्याकडं बघितलंस. बोलली काय नायस.

तुझ्या वडिलांना बोलावलं. पुढचं मी लिहीत नाय, तू तिथं होतीस. ते होईपर्यंत निशाण थांबवून ठेवलं होतं, आणि मी माझ्या जागेवर उभी होते. गोंडा कापून टाकला, दुसरा लावला. त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळ्या होत्या. मी जेवले.

हरेशला काल सांगितलं मी बोलणार म्हणून. तो म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर एकदा बोललीस ना? आता बदललंस तर मी गावकीत तोंड कसं दाखवू? वय झालं, विसरायला होतं, असं म्हण आणि सोड." मी म्हटलं, "विसरले असते तर बरं होतं रे." तो जेवला नाय. वाईट नाय तो, त्याच्या वाट्याला माझं केलेलं आलंय.

येत्या रविवारी दहा वाजता परत सभा हाय. निशाण चौकात लावायचं की पेटीत ठेवायचं ते ठरवतील. दोन्हीकडची माणसं मोठी चिडलीत. ते निशाण आपलं हाय, असं मला अजून वाटतं, आणि बघितलं की मान पण वर होत नाय. दोन्ही खरं हाय, कसं सांगू? पण मला चढवायला सांगितलंय, तर मी चढवणार नाय. उठून एवढंच सांगणार, देवेश बोलला ते खरं, हौसाने ओढला नव्हता, मी दिला होता, आणि खोटं मी बोलले, तेव्हा पण आणि मागच्या रविवारी पण. हरेश गाडी काढणार नाय म्हणतो. अनुष्का म्हणते रिक्षाने जाऊ. त्यांना मोबाईलवर घ्यायचं असेल तर हे पण घेऊ दे.

तू येऊ नको. त्या लोकांसमोर तुला परत उभं करायचं नाय. आणि देवेशला आधी सांगायचं की नाय ते तुझं तू ठरव. सांगितलंस तर रविवारी तो माझ्याकडं कसा बघेल ते मी बघून घेईन.

पत्राला उत्तर पण रविवारच्या आधी देऊ नको. तुझा स्वभाव तसाच असेल तर तू मला माफ करून टाकशील, आणि तसं झालं तर मी घरीच बसेन. मला मी ओळखते.

खाली "तुझी मैत्रीण" लिहायला घेतलं होतं. हात नाय चालला. नुसतं नाव लिहिते.

कमळी