मुदतीतली पेटी

१० मार्च २०२५
आधी माफी. आई गेल्यापासून या वहीत एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, की होतं आणि मी टाळलं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

आज मात्र लिहावंसं वाटतंय. कळव्याचं घर सोडून डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत आले आणि एमआयडीसीतल्या मसाल्याच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायला लागले. हंगाम आत्ताच सुरू झालाय. अंगणात मिरच्या वाळताहेत, आत धणे, दगडफूल, तिरफळं भाजली जाताहेत. दारातच मला ठसका लागला आणि बायका हसल्या. ठमाबाई इथली सगळ्यात जुनी, जवळच्याच गावातली. पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, सवय होईल बाय, नाक काय, कशालाही सरावतं. कांडपयंत्रावर रसिका असते. नवं लग्न झालेली, गुणगुणत मिरची ओतते. तिने डब्यातलं वांग्याचं भरीत मला अर्धं दिलं. माझ्यासाठी कुणी घास बाजूला काढला, याला किती काळ लोटला होता.

१२ मार्च
भिंतीवरची प्रथमोपचार पेटी उघडली. आतलं सगळं मुदत संपलेलं. पिवळा पडलेला कापूस, सुकलेलं मलम, चिकट न राहिलेल्या चिकटपट्ट्या. बाहेरून मात्र हळदकुंकवाचे थर. खंडेनवमीला यंत्रांबरोबर तिचीही पूजा करतात म्हणे, झाकण न उघडता. मग कुणाला लागलं तर, असं मी विचारलं. रसिका म्हणाली, लागतच नाही हो कुणाला. मी हसले.

संध्याकाळी सगळं सामान नवं आणून भरलं. जुनं चुकून कुणी वापरू नये म्हणून कात्रीने बारीक कापून टाकलं. चष्मा पुसून प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचली, मग पुन्हा वाचली. २०२८ पर्यंत चिंता नाही. मी कापत असताना ठमाबाई बघत उभी होती.

१३ मार्च
पॅकिंगच्या कटरने समृद्धीचं बोट कापलं. लगेच चिकटपट्टी लावली. बरं झालं, कालच नवं आणलं होतं, असं मी म्हणाले. सगळ्या खाली मान घालून पाकिटं भरत राहिल्या.

१७ मार्च
मालनच्या मनगटावर गरम तेल उडालं. मलम संपलं. निशिगंधा पॅकिंगच्या टेबलावरून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, भरलंत ना मॅडम तिचं पोट, आता वसूल होईस्तोवर ती थांबायची नाही.

मी ठमाबाईला गाठलं. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. ही पेटी पलीकडच्या बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातून आलेली. आत जेवढं चांगलं सामान असेल, तेवढं ती कुणाच्या ना कुणाच्या अंगावर वापरून घेते. मुदत सरलेल्याला ती तोंड लावत नाही, म्हणून तेच आत राहू दिलेलं. मग मला आधी का नाही सांगितलंस, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तू विचारलं कुठं.

योगायोग असतात. मी सुशिक्षित आहे म्हणून असं लिहिते, की घाबरले आहे म्हणून?

१९ मार्च
आता कुणा बाईला लागलं की ती सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहते. हात पुढे करते. पट्टी मीच बांधायची. आज ठमाबाईचा अंगठा. चहाच्या वेळी सगळ्यांचे कप भरले, माझा उपडा ठेवलेला होता.

मालकांना म्हटलं, पेटी काढून टाकू. ते म्हणाले, तपासणीला आले तर काय दाखवू?

२० मार्च
उरलेलं सामान काल पिशवीत घालून घरी नेलं होतं. आज सकाळी ते पेटीत होतं.

२१ मार्च
ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळच्या औषधाच्या दुकानात मुदत संपलेलं बँडेज मागितलं. दुकानदार म्हणाला, ताई, लोक तारखेवरून भांडायला येतात, तुमचं काय उलटंच. शेवटी आईच्या औषधांच्या डब्यात एक सापडलं, २०१९ चं. पेटीत ठेवलं. झाकण लावून पुन्हा उघडलं.

पाकीट कोरं करकरीत. तारीख २०२८. त्यावर आईने पेनाने लिहिलेलं नाव मात्र तसंच.

२४ मार्च
निशिगंधाचा पाय. आईचं बँडेज तिला बांधलं. ती माझ्या डोक्याकडे बघत होती, वरून, शांतपणे.

२५ मार्च
सगळं संपलं. फक्त डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या उरल्यात. दोन, एकाच जोडीतल्या.

रसिकाला कांडपावरून उठवून पॅकिंगला बसवलं. तिला काही होऊ द्यायचं नाही. बाकीच्यांना का नाही हलवलं? मला तीच आवडते म्हणून?

२६ मार्च
मिरचीच्या पोत्याचं तोंड बांधलेली तार सुटली— रसिका नुसती शेजारून जात होती— मी हलवलं नसतं तर ती तिथून गेलीच नसती.

उजवा डोळा. तिने माझा हात धरून ठेवला. पट्टी मीच—

२८ मार्च
डॉक्टर म्हणाले, त्या डोळ्याने आता दिसणार नाही. एक पट्टी उरली आहे. निशिगंधा म्हणाली, जोडी आहे ना मॅडम, जोडी एकाच घरी जाते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. चिडल्या असत्या तर बरं—

२९ मार्च
उरलेली पट्टी फोडून माझ्याच धड डोळ्यावर बांधली. म्हटलं, वापरली गेली की झालं. वळून बघितलं तर पाकीट पेटीत. न फोडलेलं.

फसत नाही ती. जखम लागते.

कुणाची, ते मात्र तिने कधी—

३० मार्च
पाडवा. कारखाना बंद. समोरच्या गॅलरीत गुढी.

रसिकाला फोन केला. येऊ नकोस, म्हटलं. ती म्हणाली, एक डोळा आहे की अजून, उद्या येते. आणि हसली.

माझे दोन्ही शाबूत आहेत. हे मी तिच्यासाठी करते आहे, की बायकांनी माझा कप पुन्हा सुलटा ठेवावा म्हणून—

उद्या: रसिका यायच्या आत पोत्यांच्या खोलीत जाणे, चष्मा काढून त्या तारेपाशी